मुक्त संगणकप्रणाली आणि परमुलखातील मराठी

दुर्ग जिल्ह्यातील उतई हे भिलईलगतचे छोटे गाव. या मुलखात मराठीचा वावर जुना, अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर बसला तेव्हापासूनचा. पुढे भिलईच्या पोलाद कारखान्यात देशभरातून माणसे आली, त्यांत मराठी माणसेही होती. अशा ठिकाणी राहणाऱ्याला आज इंटरनेटवर मराठी सहज वाचता येते. ते कशाच्या आधारावर उभे आहे, हे प्रशासकांनीही समजून घेण्याजोगे आहे.

संकेतस्थळाला चार गोष्टी लागतात : संगणकाची मूळ कार्यप्रणाली, पाने पुरवणारा सर्व्हर, माहिती साठवणारा डेटाबेस आणि पाने रचणारी प्रोग्रामिंगची भाषा. लिनक्स १९९१ साली आले. अपाचे, मायएसक्यूएल व पीएचपी ही तिन्ही १९९५ ची. १९९८ मध्ये मायकेल कुंझ यांनी एका जर्मन नियतकालिकात त्यांच्या आद्याक्षरांवरून ‘लॅम्प’ हे नाव वापरले. मूळ आज्ञावली सर्वांना खुली आणि परवान्यासाठी पैसे नाहीत, त्यामुळे हौशी माणसांनाही संकेतस्थळ चालवणे परवडू लागले. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला, त्यामागचे मीडियाविकी पीएचपीतच लिहिलेले. ‘मनोगत’ (२००४) आणि ‘मिसळपाव’ (२००७) यांनी ड्रूपल वापरले, तेही पीएचपीतले.

देवनागरीची अडचण मात्र खरी होती. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. मायएसक्यूएलमध्ये युनिकोडची सोय २००४ साली स्थिरावलेल्या ४.१ आवृत्तीपासून झाली. त्यापूर्वी मराठी मजकूर साठवता येई, पण डेटाबेसच्या लेखी ती निव्वळ बाइटांची ओळ. अकारविल्हे लावण्याचा भरवसा नसे.

‘मुक्त’ म्हणजे केवळ फुकट नव्हे, हे २०१० साली ध्यानात आले. त्या वर्षी मायएसक्यूएल ओरॅकल कंपनीच्या मालकीचे झाले. त्याचे एक जनक विडेनियस यांनी २००९ मध्येच त्याच आज्ञावलीतून मारियाडीबी ही शाखा काढली होती आणि २०१३ मध्ये विकिपीडिया तिच्याकडे वळला. वाचकाला याची चाहूलही लागली नाही. पुरवठादार बदलला तरी दप्तर आपल्याच हाती राहणे, याचे मोल सरकारी कचेरीत बसलेल्याला वेगळे सांगावे लागत नाही. केंद्र सरकारने मुक्त प्रणालींना प्राधान्य देणारे धोरण २०१५ मध्ये जाहीर केले, त्यातही पुरवठादारावरील अवलंबित्व टाळण्याचा विचार आहे.

परंतु अंदाजपत्रकात परवान्याचा खर्च शून्य दिसला, की देखभालीचाही शून्य धरण्याकडे आपला कल असतो. हा सारा संच एका फटक्यात बसवून देणारे ‘झॅम्प’ हे याचे उत्तम उदाहरण. ते शिकण्यासाठी व चाचणीसाठी आहे, प्रत्यक्ष सेवेसाठी नव्हे, असे त्याचे कर्तेच बजावतात; कारण त्यात डेटाबेसच्या मुख्य खात्याला मुळात पासवर्डच नसतो. तो घालण्याचे काम, आणि त्यानंतर दर नव्या आवृत्तीबरोबर दुरुस्त्या बसवण्याचे काम, कोणाच्या तरी कर्तव्यसूचीत नावानिशी लिहावे लागते.