घरचेच पहारेकरी

दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागेवर वसलेले उल्हासनगर, ऑर्डनन्स फॅक्टरीचे अंबरनाथ आणि शेजारचे बदलापूर, ह्या पट्ट्यातील लोकांस पहारा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. आपला कोण व परका कोण हे ओळखणे, हा पहारेकऱ्याचा धर्म होय. शरीरातील पहारेकरी तो धर्म विसरले म्हणजे काय होते, त्याचा इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत.

लहान मुलास मधुमेह जडला की आपल्याकडे पहिला ठपका आईवर येतो : गोडधोड फार खाऊ घातले! हा आरोप किती खोटा, हे कळावयास जवळजवळ शंभर वर्षे लागली.

१८६९ साली पाउल लांगरहान्स ह्या जर्मन विद्यार्थ्यास स्वादुपिंडात पेशींची लहान लहान बेटे दिसली. १८८९ साली फोन मेरिंग व मिंकोव्हस्की ह्यांनी स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यास मधुमेह होतो, असे दाखविले. १९२१ साली टोरोंटोस बँटिंग व बेस्ट ह्यांनी बेटांतील इन्शुलिन हाती आणले आणि मरणाच्या दारातली मुले जगू लागली. परंतु मुळात बेटे उजाड का होतात? मुले वाचू लागल्याने नव्या रोग्याचे स्वादुपिंड तपासावयास क्वचितच मिळे; आणि वर्षांनी पाहावे, तर मारेकरी केव्हाच पसार झालेले असत.

१९६५ साली बेल्जियमच्या विली गेप्ट्स ह्यांनी रोग जडल्यावर थोड्याच काळात दगावलेल्या २२ जणांची स्वादुपिंडे तपासली. पैकी १५ जणांच्या बेटांना पांढऱ्या पेशींनी गराडा घातलेला होता. १९७४ साली लंडनला रोग्यांच्या रक्तात स्वतःच्याच बेटांविरुद्धची प्रतिद्रव्ये सापडली. पुढे उलगडा झाला तो असा : जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आतल्या मालाचे तुकडे बाहेर मांडून दाखविते, काहींच्या आनुवंशिक घडणीमुळे बेटांतील माल टी-पेशींना शत्रूचा भासतो, आणि त्या बेटेच मारू लागतात. ह्या पेशींना आवरणाऱ्याही टी-पेशी असतात. त्यांच्या शोधासाठी २०२५ चे नोबेल पारितोषिक ब्रंकॉव्ह, रॅम्सडेल व साकागुची ह्यांना मिळाले.

ही कथा केवळ परदेशची नव्हे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली दाखविले की, युरोपीय लोकांवरून बसविलेली जनुकीय मोजणी भारतीयांतही हा मधुमेह दुसऱ्या प्रकारापासून वेगळा ओळखू शकते. हा निवाडा महत्त्वाचा. कारण येथे गोळ्यांवर भागत नाही, इन्शुलिनच लागते. पहारेकऱ्यांना काही काळ थोपवून रोग लांबविणाऱ्या टेप्लिझुमॅब ह्या औषधास २०२२ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. पण गेलेली बेटे ते परत आणीत नाही.

म्हणून मुलाची तहान अकस्मात वाढली, लघवी वारंवार होऊ लागली, अंग झडू लागले, तर त्याच दिवशी रक्तातील साखर तपासून घ्यावी. उशीर जिवावर बेततो. आणि आईला बोल लावू नये; हे युद्ध तिच्या स्वयंपाकघरात सुरू झालेले नसते.