गर्भपातविषयक लोकमत आणि त्याची भाषा : महाराष्ट्रातील दीडशे वर्षांचा आढावा

१

एखाद्या कृत्याविषयी समाजाची जी भूमिका असते ती त्या कृत्याच्या नावात बव्हंशी साठलेली असते. गर्भपाताच्या बाबतीत मराठी भाषेने जी निरनिराळी नावे वापरली, त्यांचा इतिहास हा या विषयावरील लोकमताचाही इतिहास होय. 'गर्भ पडणे' आणि 'गर्भ पाडणे' या दोन क्रियापदांतील भेद प्रथम पाहण्यासारखा आहे. पहिले अकर्मक असून त्यात कर्त्यावर दोष येत नाही. दुसरे प्रयोजक असून ते कर्त्याची मागणी करते. गर्भ कोणी पाडला, हा प्रश्न व्याकरणाबरोबरच समाजही विचारतो. आणि त्याचे उत्तर कोणत्या काळी कोणाच्या नावे दिले गेले, यावरच लोकमताचे स्वरूप ठरत आले आहे.

ग्रामीण बोलीत या कर्त्याला झाकणारे सौम्य प्रयोगही आहेत. 'खाली करणे', 'पिशवी साफ करणे' यांसारख्या प्रयोगांत गर्भाचा उच्चारच होत नाही. याच्या उलट टोकाला 'भ्रूणहत्या' हा संस्कृत शब्द आहे. त्यात 'हत्या' हे पद असल्यामुळे अपराध आणि अपराधी हे दोन्ही गृहीत धरले जातात. या दोन टोकांमध्ये महाराष्ट्रातील प्रबोधनाने कोणता मार्ग काढला, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

२

धर्मशास्त्रकारांनी भ्रूणहत्येची गणना घोर पातकांत केली आहे. परंतु त्यांचा 'भ्रूण' शब्द आजच्याइतका सुटसुटीत नव्हता. वसिष्ठ धर्मसूत्रात ब्राह्मणाचा वध करणारा आणि 'अविज्ञात' गर्भाचा नाश करणारा, असे दोघेही 'भ्रूणहन्' या एकाच संज्ञेने ओळखले जातात. मनुस्मृतीतही अविज्ञात गर्भाच्या नाशास ब्रह्महत्येचेच प्रायश्चित्त सांगितले आहे. अविज्ञात म्हणजे ज्याचे लिंग कळलेले नाही असा. तो गर्भ पुरुषाचा असण्याचा संभव आहे, म्हणून पातक मोठे, असा या विशेषणाचा आशय दिसतो. तात्पर्य, भ्रूणहत्येच्या पातकाची तीव्रता गर्भाच्या लिंगाविषयीच्या अज्ञानावर काही अंशी अवलंबून होती. हे अज्ञान यंत्राने नाहीसे झाल्यावर काय होईल, याची कल्पना त्या ग्रंथकारांना असणे शक्य नव्हते.

आयुर्वेदाची परिभाषा मात्र याहून तटस्थ आहे. चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ गेला तर तो 'गर्भस्राव', आणि त्यानंतरच्या पाचव्या-सहाव्या महिन्यांत गेला तर तो 'गर्भपात', असा भेद वैद्यांनी केला. आज मराठीत सर्वत्र रूढ असलेला 'गर्भपात' हा शब्द मूळचा असा वैद्यकातील, दोषारोप न करणारा आहे.

इंग्रजी अमलात १८६० चा भारतीय दंडसंहितेचा कायदा आला व तो १८६२ पासून लागू झाला. त्यातील ३१२ ते ३१६ या कलमांनी गर्भपात घडवून आणणे हा गुन्हा ठरविला. स्त्रीचा जीव वाचविण्यासाठी सद्भावनेने केलेला गर्भपात तेवढा वगळण्यात आला. ३१२ व्या कलमाच्या स्पष्टीकरणानुसार स्वतःचा गर्भपात करून घेणारी स्त्रीही गुन्हेगार ठरली. धर्मशास्त्राच्या पातकाला अशी फौजदारी शिक्षेची जोड मिळाली, आणि दोन्हींचा भार एकाच व्यक्तीवर पडला.

३

या व्यवस्थेला महाराष्ट्रात पहिले कृतिरूप उत्तर मिळाले ते पुण्यात. १८५६ च्या कायद्याने विधवाविवाहास मान्यता मिळाली होती. परंतु उच्चवर्णीय समाजात तो प्रत्यक्षात अतिशय विरळ होता. बालविधवा गरोदर राहिली तर गर्भ पाडणे, जन्मलेले मूल मारणे किंवा स्वतः विहीर जवळ करणे, यांखेरीज तिला वाट उरत नसे. १८६३ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनी येथे यावे, गुप्तपणे व सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशा आशयाच्या जाहिराती त्यांनी लावल्या.

४ डिसेंबर १८८४ रोजी बेहरामजी मलबारी यांच्या टिपणावर मत देताना जोतीरावांनी या गृहाचा जो हिशेब दिला तो विचार करावयास लावणारा आहे. तोपर्यंत ३५ गरोदर विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी ५ जगली, ३० दगावली. गरोदरपण लपविण्यासाठी मातांनी घेतलेल्या विषारी औषधांनी मुलांना पोटातच इजा झाली होती, असे त्याचे कारण त्यांनी दिले. म्हणजे त्या स्त्रिया गृहाच्या दारी पोहोचल्या त्या गर्भ पाडण्याचा प्रयत्न करून झाल्यावरच. निषेधाने गर्भपात थांबत नव्हता. तो लपून, उशिरा आणि विषाने होत होता.

या जाहिरातीची भाषा आणि त्या काळच्या वृत्तपत्रांची भाषा यांची तुलना करण्यास १८८१ चे विजयालक्ष्मी प्रकरण उपयोगी पडते. सुरतेकडील या ब्राह्मण विधवेस नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल प्रथम फाशीची शिक्षा झाली व ती पुढे कमी करण्यात आली. 'पुणेवैभव' पत्राने या निमित्ताने समस्त स्त्रीजातीवर दुराचाराचा ठपका ठेवला. त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक प्रसिद्ध केले. पुनर्विवाहाची बंदी कोणी घातली, विधवेस फसविले कोणी आणि शिक्षा भोगते कोण, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. 'पाडणे' या क्रियेचा कर्ता त्यांनी बदलला, असे व्याकरणाच्या भाषेत म्हणता येईल. पंढरपुरात १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने निघालेले आणि प्रार्थना समाजाने चालविलेले बालकाश्रम हेही याच विचाराचे फळ होय.

जीव वाचविण्याचे एकोणिसाव्या शतकातील हे महाराष्ट्रीय प्रयत्न आणि पाश्चात्त्य देशांतील नंतरची गर्भपातविरोधी चळवळ यांत वरवर साम्य वाटते. वस्तुतः त्यांचा आधार भिन्न आहे. अमेरिकेत १९७३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने गर्भपाताचा हक्क मान्य झाला व २०२२ च्या निर्णयाने त्याचे घटनात्मक संरक्षण काढून घेतले गेले. या दोन निर्णयांमधील जवळजवळ पन्नास वर्षे तेथील वाद गर्भाच्या स्वतंत्र जीविताधिकाराभोवती फिरत राहिला. रोमन कॅथलिक चर्चची शिकवण हीच आहे, आणि मदर तेरेसा यांनी १९७९ च्या नोबेल पारितोषिकाच्या प्रसंगी तीच मांडली. पुण्याच्या आणि पंढरपूरच्या संस्थांनी मात्र असा तात्त्विक वाद मांडला नाही. मूल जगावयाचे असेल तर आईला आधी लाजेतून सोडविले पाहिजे, एवढेच त्यांनी ओळखले.

४

विसाव्या शतकात प्रश्नाचे केंद्र विधवेकडून विवाहित स्त्रीकडे सरकले. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. 'संततिनियमन' हा शब्द रुळविणाऱ्या या प्रचाराने प्रजोत्पादन हा पाप-पुण्याचा नव्हे तर आरोग्याचा विषय आहे, ही दृष्टी मराठी वाचकांस दिली.

पुढे १९६४ मध्ये केंद्र सरकारने गर्भपाताच्या कायद्याचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. असुरक्षित गर्भपातांनी होणारी हानी लक्षात घेऊन समितीने १९६६ मध्ये कायदा सैल करण्याची शिफारस केली. १९७१ मध्ये कायदा संमत होऊन १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. १२ आठवड्यांपर्यंत एका आणि २० आठवड्यांपर्यंत दोन नोंदणीकृत वैद्यकांच्या मताने गर्भपात कायदेशीर झाला. प्रौढ स्त्रीच्या बाबतीत तिचीच संमती पुरेशी मानली गेली. पतीची सही कायद्याने मागितलेली नाही. २०२१ च्या दुरुस्तीने काही वर्गांतील स्त्रियांसाठी ही मर्यादा २४ आठवड्यांपर्यंत वाढली. दंडसंहितेची जुनी कलमे मात्र गेली नाहीत; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती ८८ व पुढील कलमांच्या रूपाने कायम आहेत. गर्भपात हा मूलतः गुन्हा आणि १९७१ चा कायदा हा त्याला अपवाद, अशी ही रचना आहे.

येथेही शब्दयोजना सहेतुक होती. कायद्याच्या नावात दंडसंहितेतील शब्द टाळून, वैद्यकीय उपायांनी गर्भावस्था संपविणे, असा कोरडा प्रयोग केला गेला. कर्ता आता वैद्य झाला. परंतु या कोरडेपणाची किंमतही होती. कायदा लोकमतात रुजविण्यासाठी जे प्रबोधन आवश्यक होते ते कुटुंबनियोजनाच्या प्रचारात विरून गेले. स्त्रीच्या शरीरावर स्त्रीचा अधिकार आहे, हे वाक्य सरकारी भिंतींवर आले नाही.

५

अशा अर्धवट भूमीवर गर्भलिंगचिकित्सेचे तंत्र येऊन पोहोचले. गर्भजलपरीक्षा ही गर्भातील दोष शोधण्यासाठी होती. १९८० नंतरच्या दशकात ती मुंबईत मुलगी टाळण्याचे साधन बनली. आज काहीशे रुपये खर्चा आणि पुढचे लाखो वाचवा, अशा आशयाच्या जाहिराती उघडपणे झळकल्या. महाराष्ट्र शासनाच्या सांगण्यावरून १९८६ मध्ये झालेल्या पाहणीत मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ज्ञांपैकी ४२ जण लिंगनिदानासाठी ही परीक्षा करीत असल्याचे आढळले. स्त्रीसंघटना, वैद्यक व वैज्ञानिक यांच्या संयुक्त चळवळीमुळे १९८८ मध्ये महाराष्ट्राने या परीक्षांवर नियंत्रण घालणारा कायदा केला. असा कायदा करणारे हे देशातील पहिले राज्य होय. केंद्रीय कायदा १९९४ मध्ये संमत झाला. त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात जे गेले त्यांत 'सेहत' ही मुंबईची आणि 'मासूम' ही पुणे जिल्ह्यातील संस्था होती. २००३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली.

आकडे मात्र घसरतच होते. शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाली. पुणे जिल्ह्यात ती याच दहा वर्षांत ९०२ वरून ८८३ वर आली. बीडमध्ये २०११ साली ती ८०७ होती. गडचिरोलीसारख्या आदिवासी जिल्ह्यात ती ९५० च्या वर राहिली. म्हणजे दारिद्र्य हे याचे कारण नव्हे. नीरेच्या डाव्या कालव्यावर ऊस पिकविणारा बारामती-इंदापूरचा प्रदेश, त्यातील लासुर्णे, वालचंदनगर यांच्या परिसरातील बागायती गावे, किंवा कृष्णा-पंचगंगेकाठचे सधन पट्टे पाहिले तर प्रश्नाचे मूळ ध्यानात येते. जेथे जमिनीला पाणी आले तेथे जमिनीच्या वाटणीला मोल आले, हुंड्याची रक्कम फुगली, आणि यंत्रापर्यंत जाण्याइतका पैसाही हाती आला.

याविरुद्ध जे व्यापक प्रबोधन झाले त्याने 'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द घरोघरी पोहोचविला. साताऱ्यात वर्षा देशपांडे यांच्या 'लेक लाडकी अभियाना'ने दोषी केंद्रांचा माग काढून खटले उभे केले. सातारा जिल्ह्यातच २०११ मध्ये 'नकोशी', 'नकुसा' अशी नावे धारण करणाऱ्या २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. नावातच साठलेला तिरस्कार नावानेच पुसण्याचा हा उपक्रम भाषेच्या अभ्यासकास विशेष महत्त्वाचा वाटेल. कोल्हापूरचे प्रमाण २००१ मधील ८३९ वरून २०११ मध्ये ८६३ वर, आणि सांगलीचे ८५१ वरून ८६७ वर चढले. प्रबोधन आणि कायद्याचा धाक एकत्र आल्यास फरक पडतो, याची ही खूण होय. तरीही २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे १९ भ्रूण सापडावेत, यावरून हे काम किती अपुरे आहे तेही दिसते.

६

या प्रबोधनाच्या भाषेचे परीक्षण आवश्यक आहे. भित्तिपत्रके, पथनाट्ये आणि शालेय स्पर्धा यांत वारंवार येणारा एक नमुना असा : पोटातील मुलगी बोलते आहे, आणि 'आई' अशी हाक मारून प्राणाची भीक मागते आहे. या रचनेत संबोधन एकच आहे. मुलगा हवा असा आग्रह धरणारा बाप, सासू, यंत्र चालविणारा डॉक्टर, हुंडा मागणारे व्याही यांपैकी कोणालाही हाक नाही. १९९४ च्या कायद्याने विपरीत सिद्ध होईपर्यंत स्त्रीला पतीने वा नातलगांनी चाचणीस भाग पाडले असे गृहीत धरले. भिंतीवरच्या मजकुराने मात्र तिलाच आरोपी केले. ताराबाईंनी बदललेला कर्ता पुन्हा मूळ जागी येऊन बसला.

दुसरा परिणाम अधिक खोल आहे. 'भ्रूणहत्या' हा पातकवाचक शब्द 'स्त्री' या विशेषणासह पुन्हा व्यवहारात आला खरा. परंतु विशेषण गळून पडण्यास वेळ लागत नाही. लिंगनिवड हा गुन्हा आहे आणि १९७१ च्या कायद्याच्या मर्यादेतील गर्भपात हा गुन्हा नाही, हा भेद 'हत्या' या पदाखाली दिसेनासा होतो. कायदेशीर सेवेस पात्र असलेली स्त्री मग संकोचाने उशीर करते किंवा आडमार्गाने जाते. १८८४ च्या त्या हिशेबातील विषारी औषधांची आठवण येथे अपरिहार्य आहे. म्हणूनच अलीकडे अनेक कार्यकर्ते 'स्त्रीभ्रूणहत्या' टाळून 'गर्भलिंगनिवड' हा शब्द वापरण्याचा आग्रह धरतात. या शब्दात 'हत्या' नाही, 'निवड' आहे. आणि निवड कोणी केली, हा प्रश्न विचारण्यास तो मोकळीक ठेवतो.

या आढाव्यातून निघणारा निष्कर्ष मर्यादित पण स्पष्ट आहे. महाराष्ट्रात गर्भाचा किंवा अर्भकाचा जीव वाचविण्याच्या प्रचाराला जेथे यश आले तेथे त्याने स्त्रीवरचा दोषारोप दूर केला आणि तिला आसरा दिला, अथवा तिच्यावर दडपण आणणाऱ्यांना कायद्यापुढे उभे केले. जेथे त्याने केवळ तिला हाक मारून तिच्या अंतःकरणास पीळ घातला तेथे मन हेलावले, पण घरातील निर्णय ज्यांच्या हाती होता ते ऐकणारांत नव्हतेच. पुढील प्रबोधनाचा मजकूर लिहिणाऱ्याने आपल्या वाक्याचा कर्ता कोण आणि संबोधन कोणाला, हे दोन प्रश्न लेखणी उचलण्यापूर्वी स्वतःस विचारणे इष्ट होईल.