सात्या, मोहफूल आणि रोवणीचा थकवा

रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून आपली कंबर मोडते, वर घरचं काम आणि मनाचा ताण आहेच. आता त्यावर अश्वगंधेच्या, मशरूमच्या महागड्या पुड्या निघाल्या आहेत. पण भंडारा जिल्ह्यातल्या आम्हा बायांचं रानाशी नातं जुनं आहे.

आमच्या आज्या चैत्रात पहाटे मोहफुलं वेचून वाळवायच्या. त्यात साखर भरपूर, म्हणून अंगात ताकद यायची. पावसाळ्यात वारुळावरच्या सात्यांची भाजी व्हायची. ते औषध नव्हतं, जेवण होतं.

१८७८ च्या वन कायद्याने सरकारने जंगलं राखीव केली आणि रानात वेचायलाही परवानगी लागू लागली. तरी १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतातल्या कितीतरी घरांना मोहफुलांनी तगवलं. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने औषधी वनस्पती, कंदमुळं, मोहफुलं अशी गौण वनउपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क जंगलात राहणाऱ्यांना मिळाला. त्याचा दावा ग्रामसभेतून होतो, म्हणून ग्रामसभेला आपण बायांनी बसलंच पाहिजे.

एक मात्र ध्यानात ठेवू. थकवा जातच नसेल तर अंगात रक्त कमी असू शकतं. उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. गरोदर बाईने अश्वगंधा घेऊ नये. अनोळखी सात्या कुणीच खाऊ नये. आणि मनावरचा भार गटाच्या बैठकीत बोला. ऐकायला आम्ही आहोत.