पाखे आधी की भिंत आधी?

घराचा आराखडा संगणकावर रचताना भिंती सहज उभ्या राहतात. लांबी, जाडी आणि उंची दिली की काम झाले. अडचण येते ती वर छप्पर चढवल्यावर. कुठे भिंतीचा माथा कौलांतून बाहेर डोकावतो, कुठे त्रिकोणी भिंत आणि पाखे यांच्यामध्ये फट राहते, कुठे शेजारशेजारच्या दोन पाख्यांच्या वळचणी वेगवेगळ्या उंचीवर लोंबतात. एक भिंत वीतभर सरकवली की नीट बसलेले आढेही जागचे हलते. असे झाले की दोष प्रोग्रॅमच्या माथी मारला जातो, नाहीतर वापरणाऱ्याच्या अज्ञानाच्या. मला मात्र या सगळ्या चुकांच्या मुळाशी एकच गृहीतक दिसते: भिंतींची रेघ आखली की छप्पर तिच्यावरून आपोआप निघते, हे. बांधकामाच्या इतिहासात ही समजूत फार जुनी नाही. ती एका विशिष्ट देशात, एका विशिष्ट तऱ्हेच्या घराबरोबर रुजली आणि तिथून संगणकात आली. त्या घराहून वेगळे घर काढायला घेतले की ती उघडी पडते.

आधी चुकीचे माप पाहू, कारण मापातूनच कारण कळते. समजा विटांची भिंत २३ सेंटिमीटर जाडीची आहे आणि पाखे ३० अंशांनी उतरते आहे. प्रोग्रॅमने पाख्याची खालची बाजू भिंतीच्या मध्यरेषेवर, बरोबर माथ्याच्या उंचीला टेकवली, तर बाहेरच्या कडेपर्यंतच्या साडेअकरा सेंटिमीटरांत ते ६.६ सेंटिमीटर खाली येते. भिंतीची बाहेरची कड आपल्या जागीच असते, म्हणून ती तेवढीच छपरातून वर निघते. पाखे बाहेरच्या कडेवर टेकवले, तर आतल्या कडेपाशी ते भिंतीहून १३.३ सेंटिमीटर वर राहते आणि पाचरीच्या आकाराची फट उरते. सुताराला या दोन्ही गोष्टी पक्क्या ठाऊक असतात. भिंतीच्या माथ्यावर तो आडवे लाकूड टाकतो, वाशाला खाच पाडून ती त्यावर बसवतो, आणि वाशांमधली पाचर गवंडी विटामातीने भरून काढतो. छपराची उंची कोणत्या रेषेवरून मोजायची हे वासा कापण्याआधीच ठरलेले असते. संगणकावर तोच निर्णय प्रोग्रॅम स्वतःच घेऊन टाकतो, आणि आपण काहीतरी ठरवले आहे हे वापरणाऱ्याला कळतही नाही.

युरोपातल्या सुतारांनी या निर्णयाचे शास्त्र केले होते. फ्रान्समध्ये सुतार छपराचा सांगाडा आधी जमिनीवर पूर्ण मापात आखत. आढे, कोनवासे, दोन पाखी आत मिळतात तिथली खोलगट रेघ, हे सारे आडव्या फरशीवर रेघांनी उतरे, लाकूड त्या रेघांवर ठेवून खुणा केल्या जात आणि मगच करवत चाले. या आखणीत भिंत म्हणजे छपराला टेकू देणारी एक रेघ, एवढेच तिचे स्थान. मात्युरँ झूसने १६२७ मध्ये सुतारकामावरचा ग्रंथ छापला त्यात अशा आकृत्यांची रेलचेल आहे. पुढे गास्पार मोंज याने मेझिएरच्या लष्करी अभियंत्यांच्या शाळेत दगडघडाई आणि सुतारकाम यांच्या आखणीतले तत्त्व वेगळे काढले: कोणतीही घनाकृती दोन सपाटींवर टाकलेल्या सावल्यांतून पूर्णपणे ओळखता येते, आणि दोन पृष्ठे कुठे छेदतात हेही त्यातून काढता येते. त्याची व्याख्याने १७९५ मध्ये पॅरिसला झाली आणि १७९९ मध्ये पुस्तकरूपाने आली. घनाकृती दाखवणारा आजचा प्रत्येक प्रोग्रॅम या भूमितीचा वारस आहे. मूळ कसबही लोपलेले नाही. फ्रेंच सुतारांच्या आखणीच्या परंपरेला २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की भूमितीचे हे ज्ञान छपराच्या अवघड छेदांतून वर आले आणि त्या छेदांत भिंतीचा वाटा अगदी थोडा होता.

क्रम उलटला तो अमेरिकेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिथे पोलादी गुण्या सुताराच्या हाती आला. त्याची एक भुजा २४ इंचांची, दुसरी १६ इंचांची. दर १२ इंच आडव्या अंतरामागे वासा किती इंच चढतो एवढे ठरले की गुण्या सरकवत वाशाची लांबी आणि टोकाचे काप दोन्ही निघत. जमिनीवर अख्खे छप्पर आखण्याची गरज उरली नाही. अनेक अमेरिकी प्रोग्रॅम उतार अंशांऐवजी १२ च्या प्रमाणात विचारतात, त्याचे मूळ या गुण्यात आहे. मग १८३० च्या दशकात शिकागो भागात जाड खांबांऐवजी बारीक लाकडी पट्ट्या खिळ्यांनी ठोकून घरे उभी राहू लागली. आता भिंत हाच सांगाडा झाला आणि छप्पर तिच्या माथ्यावर ठेवायची वस्तू. १९५० च्या दशकात फ्लोरिडात दातेरी पत्र्यांनी जोडलेल्या छपराच्या कैच्या कारखान्यात तयार होऊ लागल्या, तेव्हा हा क्रम पक्का झाला: जागेवर भिंतींची पेटी उभी करायची आणि बाहेरून आणलेल्या कैच्या तिच्यावर चढवायच्या. घर रचण्याचे घरगुती प्रोग्रॅम निघाले तेव्हा त्यांची मोठी बाजारपेठ याच घरांची होती.

खेदाची गोष्ट ही, की संगणकावरच्या रेखाटनाच्या अगदी पहिल्या पिढीकडे यावरचे उत्तर होते. १९६३ मध्ये आयव्हन सदरलंडने एमआयटीत केलेल्या स्केचपॅड या प्रोग्रॅममध्ये रेघांबरोबर त्यांच्यातले नातेही साठवता येई. या दोन रेघा समांतर राहतील असे एकदा सांगितले, की एक हलवल्यावर दुसरी आपोआप जुळवून घेई. १९७५ मध्ये चार्ल्स ईस्टमनने मांडले की इमारतीची तीच वस्तू दहा नकाशांत दहादा काढण्याऐवजी तिचे वर्णन एकदाच साठवावे आणि नकाशे त्यातून काढून घ्यावेत. बुडापेस्टमधल्या ग्राफिसॉफ्टने १९८४ मध्ये ॲपलच्या लिसा संगणकासाठी इमारती रचण्याचा जो प्रोग्रॅम काढला त्यातून आर्किकॅड वाढले. २००० मध्ये त्याच तऱ्हेचे रेव्हिट आले. या वाटेने भिंत ही एक वस्तू झाली, छप्पर दुसरी वस्तू झाली, पण दोघांमधले नाते वस्तू होऊ शकले नाही. भिंतीचा माथा छपराला जोडण्याची आज्ञा बड्या प्रोग्रॅमांत आहे, पण ती नंतर द्यावी लागते. साध्या घरगुती प्रोग्रॅमांत तर बटण दाबले की छप्पर निघते आणि नाते कुठेच नोंदले जात नाही.

यावर कोणी म्हणेल, भिंतींच्या रेषेवरून छप्पर काढण्याचे गणित सिद्ध झालेले आहे, मग तक्रार कसली? गणित सिद्ध आहे हे खरे. गुस्ताव्ह पेश्काने १८७७ मध्येच छपरांची भूमिती मांडली होती, आणि १९९५ मध्ये आइशहोल्त्सर, आउरेनहामर, आल्बेर्ट्स आणि गेर्टनर यांनी तिचे नेमके संगणकीय रूप दिले. कोणत्याही बहुभुजाच्या प्रत्येक बाजूवरून सारख्या उताराने पाखी वर चढवली की ती एका ठरावीक रीतीनेच मिळतात, आणि अशा छपरावर पाणी कुठेही साचून राहत नाही. मला ही रचना फार सुंदर वाटते. पण तिच्या अटी पाहा: सगळे उतार सारखे, आणि सगळ्या कडा एकाच उंचीवर. एक पाखे ३० अंशांचे, शेजारचे ४५ अंशांचे, आणि दोन्ही भिंतीबाहेर ६० सेंटिमीटर काढलेली असतील, तर पहिल्याची वळचण भिंतीच्या माथ्याहून ३४.६ सेंटिमीटर खाली येते, दुसऱ्याची ६०. फरक २५ सेंटिमीटरांचा. कोनवासा भिंतीच्या कोपऱ्यावरून नीट जातो, पण वळचणीच्या कोपऱ्यात पोहोचत नाही. इथे सुतार दोनांपैकी एक करतो: चढे पाखे ३५ सेंटिमीटरांतच तोडतो, नाहीतर त्याच्या खालची भिंत वर उचलतो. यातले काय करायचे ते भूमिती सांगू शकत नाही. तिथे सांगणारा माणूस लागतो, आणि विचारणारा प्रोग्रॅमही.

दुसरा आक्षेप संगणकाची बाजू जाणणाऱ्यांचा असतो: दोन घनाकृती एकमेकींतून कापताना दशांशांची काटछाट होते, एकाच सपाटीत पडलेली पृष्ठे ओळखता येत नाहीत, फटी त्यामुळे पडतात. अशा चुका होतात, पण त्या केसाएवढ्या असतात किंवा आकृतीच मोडून टाकतात. साडेसहा किंवा पंचवीस सेंटिमीटरांची फट काटछाटीतून येत नाही. ती चुकीच्या रेषेवरून मोजल्याने येते. फटीची रुंदी मोजून ती भिंतीच्या निम्म्या जाडीशी आणि उताराशी ताडून पाहिली, तर बहुतेक वेळा कारण तिथेच सापडते. तिसरा आक्षेप अधिक व्यवहारी: जागेवर गवंडी फट भरून घेतोच, मग नकाशात एवढी काटेकोरी कशाला? जोवर नकाशा फक्त दाखवण्यापुरता होता तोवर हे चालत होते. आता त्याच आकृतीवरून कौलांचा हिशेब होतो, कैच्या कारखान्यात कापल्या जातात, शेजारच्या खिडकीवर पडणारी सावली मोजली जाते. तिथे फट भरायला गवंडी नसतो.

महाराष्ट्रातली जुनी घरे संगणकावर उतरवताना हे गृहीतक सर्वांत जास्त अडते, कारण त्यांपैकी पुष्कळ घरांत छपराचा भार भिंतीवर नसतोच. वाडा खणांनी मोजला जातो. खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर पुढचा मजला किंवा छप्पर, आणि भिंत ही खणांमधली भर. शनिवारवाड्याला १८२८ मध्ये आग लागली तेव्हा लाकडी मजले गेले आणि दगडी जोती व तट उरले. घर कशावर उभे होते ते त्यातून दिसते. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांतही लाकडी चौकट आत आणि दगडमातीच्या जाड भिंती बाहेर. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात त्या भिंतींनी हजारोंचे जीव घेतले, पण जिथे खणांची चौकट भक्कम होती अशा काही घरांत भिंती ढासळूनही माळवद खांबांवर उभे राहिले. असे घर प्रोग्रॅममध्ये भिंतींपासून काढायला घेतले, तर आकृती दिसायला बरोबर येईल आणि भार कुठून उतरतो हे सांगताना साफ खोटे सांगेल.

कोकणात प्रश्न उतारांचा आहे. इथल्या पाख्याला आजची सपाट, सरळ शिस्त आली ती यंत्रावर घडवलेल्या कौलांबरोबर. खाचेत खाच बसणारे कौल आल्साझमध्ये जिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये काढले, आणि १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना घातला. हाताने घडवलेली नळीची कौले वाशांचा थोडाफार बाक सांभाळून घेत. मंगलोरी कौलाला सरळ वासे आणि सारख्या अंतरावरच्या रिपा लागतात. तरीही चौपाखी घराच्या मुख्य छपराखालून पडवीचे छप्पर वेगळ्या, मंद उताराने निघते, आणि दोघांची पातळी घरागणिक बदलते. प्रोग्रॅमने पडवीची भिंत धरून हे छप्पर काढले की ते मुख्य पाख्यात घुसते किंवा अधांतरी राहते. ते खांबांच्या माथ्यांवरून, स्वतंत्र सपाटी म्हणून उतार देऊन काढावे लागते. भिंती मागाहून त्याच्या खालच्या बाजूपर्यंत कापून घ्याव्यात. पाडायला निघालेल्या वाड्यांची आणि कोकणातल्या घरांची मोजणी करणाऱ्यांनी म्हणूनच खांबाच्या माथ्याची उंची, तुळईची जाडी, वाशाचा उतार आणि वळचणीची पातळी हे चार आकडे भिंतींच्या लांबीरुंदीच्या आधी टिपावेत. भिंतींची मापे जोत्यावरून पुढेही काढता येतील. छप्पर एकदा उतरवले की हे आकडे मिळणार नाहीत.