लातूरने हार्लेम वाचले, नांदेडने अमेरिकेला नाटक दिले

नांदेडमधल्या एका वस्तीत जयंतीची बैठक होती. वर्गणी किती, कमान कुठे, डीजे कोणाचा, यावर दोन तास गेले. शेवटी आम्ही म्हणालो, यंदा एक नाटक बसवू. पदवीच्या वर्गात शिकणारा एक कार्यकर्ता लगेच म्हणाला, "दादा, नाटक-बिटक हे त्यांचं काम. आपलं काम रस्त्यावरचं." बाकीचे हसले आणि विषय पुन्हा डीजेवर गेला.

आम्हाला त्या पोराचा राग आला नाही. ज्या शहरात तो राहतो, त्याच शहरातल्या एका आंबेडकरी प्राध्यापकाचे नाटक अमेरिकेतल्या विद्यापीठाने छापले आहे, हे त्याला कुणी सांगितलेच नाही. आमचे समाजशास्त्रात एम.ए. झाले, तरी आम्हालाही वर्गात कुणी सांगितले नव्हते. प्रस्थापितांनी आपला इतिहास दडवला, असे आपण नेहमी म्हणतो आणि ते खरेच आहे. पण जो दडवलेला नाही, छापून तयार आहे, तो तरी आपण कुठे वाचतो?

म्हणून हा लेख. नाटक आपले आहे की त्यांचे? आणि 'आंतरराष्ट्रीय आदानप्रदान' हा जो शब्द हल्ली महोत्सवांच्या पत्रिकांवर झळकतो, त्याच्याशी नांदेड-लातूरचा काही संबंध आहे की नाही?

सुरुवात आपल्याच घरातून

मराठी नाटकाचा इतिहास शाळेत शिकवतात तो १८४३ सालापासून. सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' केले, ते संस्थानिकाच्या आश्रयाने. त्यानंतर अवघ्या १२ वर्षांनी, १८५५ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहिले. गरोदर शेतकरी बाईला आणि तिच्या नवऱ्याला भिक्षुक जोशी ग्रहांची भीती घालून कसा लुबाडतो आणि शेवटी ते दोघे शिकायला कसे निघतात, हा त्याचा विषय. म्हणजे देवादिकांच्या कथेऐवजी गावातल्या माणसाचे दुःख आणि त्यावरचा उपाय. जोतीरावांनी हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिले. कमिटीने ते नाकारले. ते छापून लोकांसमोर यायला १९७९ साल उजाडावे लागले. सव्वाशे वर्षे! नाटक 'त्यांचे' कसे झाले, याचे उत्तर या सव्वाशे वर्षांत आहे.

याच जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. तेव्हा ना विमान होते, ना सांस्कृतिक शिष्टमंडळ. तिथल्या गुलामाची आणि इथल्या शूद्रातिशूद्राची वेदना एकाच जातीची आहे, हे ओळखायला त्यांना कोणाच्या निमंत्रणाची गरज पडली नाही. आपल्या चळवळीचे आंतरराष्ट्रीय आदानप्रदान तिथून सुरू होते.

जोतीरावांच्या विचारातून सत्यशोधक जलसे उभे राहिले आणि त्यातून आंबेडकरी जलसे. नाशिककडच्या भीमराव कर्डकांच्या जलशाचे नाव आपल्याला ठाऊक असते. पण जलशाने तमाशाचे काय केले, हे नीट पाहायला हवे. ढोलकी ठेवली, सवाल-जवाब ठेवले, सोंगाड्या ठेवला. गणपतीचे स्तवन काढले, गवळणीतला आंबटपणा काढला आणि तिथे पाणी, शाळा, महारकी, सावकार हे विषय आणले. ज्याला अक्षर येत नव्हते, त्याला बाबासाहेबांचा विचार जलशातून कळला. तिकीट नव्हते, रंगमंच नव्हता. गॅसबत्ती, बैलगाडी आणि वस्तीतली मोकळी जागा एवढेच भांडवल.

आता मराठवाड्यात या. १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. तिथले प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. रामायणकाळापासून आजपर्यंत अस्पृश्याच्या वाट्याला काय आले, हा त्याचा पट. बाबासाहेबांच्या उपस्थितीत विद्यार्थ्यांनी ते केले आणि १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळीही त्याचा प्रयोग झाला. विचार करा, आपल्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या दिवसांत नाटकालाही जागा होती. मग आज आपल्या जयंतीत का नाही?

हार्लेमची चार कलमे

इथे थोडे अमेरिकेत जाऊ, कारण पुढचा मुद्दा तिथल्या एका माणसाशिवाय कळणार नाही. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हे कृष्णवर्णीयांचे थोर समाजशास्त्रज्ञ आणि नेते. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहिले होते. अमेरिकेतले कृष्णवर्णीय आपला प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात नेत आहेत हे त्यांनी वाचले होते आणि त्या निवेदनाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. हे पत्र आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. पण ड्यू बॉइस नाटकवालेही होते, हे फार थोड्यांना माहीत असते.

१९२६ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत त्यांनी 'क्रिग्वा प्लेअर्स' ही नाटक मंडळी उभी केली. प्रयोग कुठे? सार्वजनिक वाचनालयाच्या तळघरात. आपल्या लोकांच्या नाटकासाठी त्यांनी चार कसोट्या घातल्या. आमच्या शब्दांत सांगायचे तर अशा: विषय आपला असावा, लिहिणारा आपला असावा, नाटक प्रथम आपल्या माणसांसाठी असावे आणि ते आपल्या वस्तीजवळ व्हावे.

आता आंबेडकरी जलसा या चार कसोट्यांवर लावून पाहा. चारही पूर्ण होतात. कर्डकांनी ड्यू बॉइस वाचून जलसा काढला, असा आमचा मुळीच दावा नाही. एकमेकांपासून हजारो मैलांवरच्या दोन पीडित समाजांना नाटकाविषयी एकच गोष्ट सुचली, एवढेच आम्ही म्हणतो. आणि आमच्या मते खरे आदानप्रदान अशा सारखेपणातूनच सुरू होते.

लातूरकडून आत, नांदेडकडून बाहेर

१९६० च्या दशकाच्या अखेरीस औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' उभे केले. १९६६ मध्ये अमेरिकेत ब्लॅक पँथर आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली. या काळात कृष्णवर्णीयांचे साहित्य मराठीत समजावून सांगण्याचे मोठे काम लातूरच्या माणसाने केले. डॉ. जनार्दन वाघमारे हे लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९७८ मध्ये त्यांचे 'अमेरिकन नीग्रो: साहित्य आणि संस्कृती' हे पुस्तक आले. शीर्षकातला शब्द त्या काळचा आहे, आज आपण तो वापरणार नाही. पण लातूरसारख्या गावात बसून एका प्राध्यापकाने अमेरिकेतल्या गुलामांची गाणी, कादंबऱ्या, नाटके यांचा रस्ता मराठी वाचकाला खुला केला, ही साधी गोष्ट नव्हे. हेच वाघमारे सर १९९४ मध्ये नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले.

१९७८ हे साल पुन्हा आठवा. २७ जुलैला विधिमंडळात विद्यापीठ नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. ते मातंग समाजाचे होते. घरे जळत होती, माणसे गाव सोडत होती. याच काळात नांदेडच्या पीपल्स कॉलेजात मराठी शिकवणारे प्रा. दत्ता भगत लिहीत होते. तमाशाचे अंग वापरणारी त्यांची 'आवर्त' ही एकांकिका याच दशकातली. पुढे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांचे 'वाटा-पळवाटा' आले.

या नाटकात सवर्णांनी दलितांवर केलेला अत्याचार दाखवून प्रेक्षकाला रडवलेले नाही. नाटक घडते एका दलित प्राध्यापकाच्या घरात. सतीश गोडघाटे हा प्राध्यापक, हेमा ही त्याची ब्राह्मण बायको, बाबासाहेबांच्या चळवळीत घडलेले काका आणि पँथरच्या वळणाचा तरुण अर्जुन. पुराने बेघर झालेल्यांच्या घरांचा प्रश्न समोर येतो आणि तीन पिढ्या एकमेकांशी भांडतात. काकांना निष्ठा हवी, सतीशला विवेक हवा, अर्जुनला आत्ता, ताबडतोब कृती हवी. वाट कोणती आणि पळवाट कोणती, हे नाटककार सांगून मोकळा होत नाही. हा वाद आजही आपल्या प्रत्येक बैठकीत होतो. त्या जयंतीच्या बैठकीत "आपलं काम रस्त्यावरचं" म्हणणारा पोरगा म्हणजे दुसरा कोण? अर्जुनच की! आणि त्याला इतिहास सांगत बसलेले आम्ही कदाचित सतीश.

माया पंडित यांनी या नाटकाचे इंग्रजी भाषांतर केले. एरिन मी या अमेरिकन नाट्य-अभ्यासक बाईंनी सहा भारतीय नाटकांचा एक संग्रह केला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रकाशनाने २००१ मध्ये तो छापला. त्यात गिरीश कर्नाड आणि महेश दत्तानी यांच्या नाटकांच्या शेजारी नांदेडच्या दत्ता भगतांचे नाटक आहे. लातूरने हार्लेम मराठीत आणले आणि नांदेडचे नाटक अमेरिकेत गेले. मधले अंतर पाव शतकाचेही नाही. यासाठी कोणते मंत्रालय किंवा दूतावास लागला नाही. एक वाचणारा, एक लिहिणारा आणि एक भाषांतर करणारी, एवढीच माणसे लागली.

या परंपरेत अण्णाभाऊ साठेही आहेत. स्टालिनग्राडच्या लढ्यावर पोवाडा लिहिणारा हा शाहीर १९६१ मध्ये रशियाला गेला, तो आधीच तिथल्या माणसाशी नाते जोडून. १४ सप्टेंबर २०२२ रोजी मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. पण पुतळ्यावर आपण थांबलो, तर अण्णाभाऊंचे लोकनाट्य कुणी करायचे? आणि मातंग वस्ती व बौद्ध वस्ती यांनी एकत्र बसून पाहावे असे नाटक नांदेड-लातूरमध्ये आज कोण बसवणार? पोचीराम कांबळे यांच्या जिल्ह्यात हा प्रश्न विचारावाच लागेल.

आपला हिशेब

आता स्वतःला तपासू. 'वाटा-पळवाटा' ड्यू बॉइस यांच्या चार कसोट्यांवर लावले, तर विषय आपला, लेखक आपला, प्रेक्षकही आपला. चौथ्या कसोटीवर मात्र गाडी अडते. नाटक वस्तीजवळ आहे का? विद्यापीठात त्यावर प्रबंध होतात, नेट-सेटच्या तयारीत त्याचे नाव पाठ करतात. पण वस्तीतल्या विहारात त्याचे वाचन किती ठिकाणी झाले? हा दोष लेखकाचा नाही. जलशाने वस्तीत जी जागा कमावली होती, ती आपण डीजेला देऊन टाकली.

दुसरी कसोटी आपल्यालाच उलटी लागते. लिहिणारा आपला, हे खरे. पण लिहिणारी? सुरुवातीच्या जलशांत बायकांची सोंगे पुरुषच घेत. त्या काळाच्या अडचणी आम्ही समजू शकतो. पण लॉरेन हॅन्सबेरी या कृष्णवर्णीय तरुणीचे 'अ रेझिन इन द सन' हे नाटक १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले, तेव्हा ती २८ वर्षांची होती. त्यातही एका घरातल्या पिढ्यांचा वाद आहे आणि प्रश्नही घराचाच आहे: गोऱ्यांच्या वस्तीत घर घ्यायचे की नाही? नांदेड-लातूरमध्ये भाड्याने खोली शोधताना आडनाव सांगावे लागलेल्या आपल्या मुलींना हे नाटक परके वाटेल का? मग ते मराठवाड्याच्या बोलीत का येऊ नये? आणि त्याच्या शेजारी त्यांचे स्वतःचे नाटक का उभे राहू नये?

काही मित्र म्हणतात, परदेशाशी देवाणघेवाण म्हणजे अनुदान, विमान आणि फोटो. ही शंका चुकीची नाही. आपले दुःख महोत्सवात मांडायचे, टाळ्या घ्यायच्या आणि वस्तीत परत काहीच आणायचे नाही, असा धंदा होऊ शकतो. त्यावर उपाय म्हणजे दार बंद करणे नव्हे. बाहेर जे गेले ते वस्तीत परत आले का आणि बाहेरून जे आले त्याने आपल्या माणसाला बोलते केले का, हे प्रत्येक वेळी विचारायचे. फुले, बाबासाहेब, अण्णाभाऊ, कुणीच दार बंद केले नव्हते.

म्हणून तरुण साथींना आमचे सांगणे थोडकेच आहे. पुढच्या जयंतीआधी विहारात 'वाटा-पळवाटा' मोठ्याने वाचा. नेपथ्य नको, माइकही नको. काकांचे बोलणे एखाद्या आजोबांना द्या, अर्जुनचे त्या रस्त्यावरच्या पोराला, हेमाचे एखाद्या ताईला. वाचून झाल्यावर भांडा. तालुक्यात एखादे म्हातारे जलसाकार असतील, तर त्यांच्या वह्या, त्यांच्या चाली आत्ताच उतरवून घ्या. इंग्रजी घेऊन एम.ए. करणाऱ्या मुला-मुलींनी प्रत्येकी एक नाटक इकडून तिकडे किंवा तिकडून इकडे न्यायचे मनावर घ्या.

आम्ही त्या वस्तीत पुन्हा गेलो आणि पुस्तक ठेवून आलो. चार दिवसांनी त्याच पोराचा फोन आला. म्हणाला, "दादा, अर्जुन मी करतो. पण त्याचं म्हणणं चुकीचं आहे असं तुम्ही आधीच ठरवू नका."

आम्ही ठरवणार नाही. तेवढ्यासाठीच तर नाटक करायचे आहे.

जय भीम!