मदरबोर्डसोबतच्या साहाय्यक आज्ञावली

मदरबोर्डचा उत्पादक फलकासोबत वेगळे मूल्य न आकारता ज्या आज्ञावली पुरवितो, त्यांना ही संज्ञा लावतात. प्रोसेसरचा वेग व विद्युत् दाब बदलणे, तापमान दर्शविणे, पंख्यांची गती व शोभेच्या दिव्यांचे रंग नियंत्रित करणे ही त्यांची प्रमुख कामे होत. संगणकीय खेळांसाठी बनविलेल्या फलकांबरोबर त्यांचा भरणा विशेष असतो.

१९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात प्रोसेसरचा वेग ठरविण्यासाठी फलकावरील जंपर हाताने हलवावे लागत. तैवानमधील ॲबिट या कंपनीच्या ‘सॉफ्टमेनू’ने हे काम पडद्यावर आणले. त्याच दशकात एलएम७८ सारख्या चिपा तापमान, विद्युत् दाब व पंख्यांचे फेरे मोजू लागल्या. ही मापे दाखविण्यासाठी व वेग वाढविण्यासाठी आसुसची ‘प्रोब’, गिगाबाइटची ‘ईझीट्यून’ अशा आज्ञावली निघाल्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) सुटे भाग घेऊन संगणक जुळविणाऱ्यांना त्या खोक्यातील तबकडीवर मिळत. तबकडीवरील ड्रायव्हर आवश्यक असत. बाकीच्या आज्ञावली घ्याव्यात की नाही, हे मालकाच्या इच्छेवर असे.

विद्युत् दाब बदलावयाचा, तर आज्ञावलीला यंत्रभागांपर्यंत थेट पोहोचावे लागते. त्यासाठी तिचा ड्रायव्हर परिचालन प्रणालीच्या गाभ्यात, सर्वाधिक अधिकारांनिशी चालतो. या संपूर्ण विषयातील धोक्याचे मूळ येथेच आहे. गिगाबाइटच्या अशा एका ड्रायव्हरमधील दोष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२० मध्ये ‘रॉबिनहूड’ या खंडणीखोर आज्ञावलीने तोच अधिकृत स्वाक्षरीचा ड्रायव्हर स्वतःसोबत नेऊन संगणकांतील संरक्षक आज्ञावली बंद पाडल्या. त्यामुळे ज्यांच्याकडे त्या कंपनीचा फलकच नव्हता, असे संगणकही सुरक्षित राहिले नाहीत.

पुढे संगणकांतून तबकडी-वाचक नाहीसे झाले. नव्या संगणकात जाळ्याचा ड्रायव्हर नसेल, तर आंतरजालावरून तो उतरवून घेणेही शक्य नसते. ही अडचण खरी होती. तिच्यावर काढलेला उपाय मात्र तितका निरुपद्रवी नव्हता. विंडोज ८ पासून (२०१२) मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज प्लॅटफॉर्म बायनरी टेबल’ ही सोय दिली. तीनुसार फलकावरील बायॉस एक आज्ञावली विंडोजच्या हाती देते व विंडोज ती सुरू होताना चालविते. चोरीस गेलेल्या संगणकाचा माग ठेवणाऱ्या आज्ञावली टिकून राहाव्यात, हा तिचा एक हेतू होता. उत्पादकांनी तिचा उपयोग आपल्या आज्ञावलींचे संच बसविण्यासाठी केला. आसुसचा ‘आर्मरी क्रेट’ हा अशांपैकी एक होय. तबकमालिका पुसली वा बदलली, तरी ते पुन्हा उपस्थित होतात.

मे २०२३ मध्ये इक्लिप्सियम या अमेरिकन संस्थेने गिगाबाइटच्या २७१ प्रकारच्या फलकांत अशी यंत्रणा असल्याचे प्रसिद्ध केले. ती आज्ञावली उतरवून घेताना काही वेळा असंकेतित मार्ग वापरी; वाटेत कोणी तिच्या जागी दुसरी आज्ञावली घातली, तरी ते ओळखण्याची पुरेशी सोय नव्हती. कंपनीने लगेच सुधारित बायॉस उपलब्ध केले. अशा फलकांच्या बायॉसमध्ये ही सोय बंद करण्याचा पर्याय असतो. विकल्या गेलेल्या फलकांत मात्र नवा बायॉस सामान्यतः मालकाने स्वतःच चढवावा लागतो.