विटाळ कुणी निर्माण केला? पाळीबद्दलच्या गैरसमजांचा इतिहास

मराठीत पाळी आलेल्या बाईला 'कावळा शिवला' म्हणतात आणि अस्पृश्यतेला 'शिवाशिव' म्हणतात. पाळीत बाई 'विटाळशी' होते, आणि आमच्या आजोबा-पणजोबांच्या सावलीनेही 'विटाळ'च होत असे. दोन्हीकडे शब्द तेच आहेत, कारण विचार तोच आहे. ज्या व्यवस्थेने माणसांना जन्माने अपवित्र ठरवले, तिनेच बाईला दर महिन्याला अपवित्र ठरवले. म्हणून पाळीबद्दलचे गैरसमज आम्ही निव्वळ आरोग्य खात्याकडे सोपवू शकत नाही. हा जातिअंताच्या चळवळीचा विषय आहे.

आधी ग्रंथांचे पुरावे पाहू. तैत्तिरीय संहितेत (२.५.१) एक कथा आहे. इंद्राने विश्वरूप या पुरोहिताला ठार मारले आणि त्याला ब्रह्महत्येचे पाप लागले. त्या पापाचे तीन वाटे करून त्याने ते पृथ्वी, झाडे आणि स्त्रिया यांना दिले. स्त्रियांच्या वाट्याचे पाप म्हणजे मासिक पाळी! खून केला इंद्राने, शिक्षा भोगायची जगभरच्या बायकांनी. याच कथेच्या पुढे पाळीतल्या स्त्रीसाठी नियम येतात. तिने स्नान केले तर तिचे मूल बुडून मरेल, काजळ घातले तर ते काणे होईल, दात घासले तर त्याचे दात काळे पडतील. आज एखादी आजी वयात आलेल्या नातीला 'चार दिवस अंघोळ करू नकोस' म्हणते, तेव्हा या जुन्या धमकीचाच आवाज येतो.

मनुस्मृती तर आणखी स्पष्ट आहे. चांडाळ, रजस्वला, पतित, बाळंतीण आणि प्रेत यांचा स्पर्श झाला तर अंघोळ करावी, असे ५.८५ सांगते. जेवणाऱ्या ब्राह्मणाकडे चांडाळ, डुक्कर, कोंबडा, कुत्रा, रजस्वला आणि षंढ यांनी पाहू नये, असे ३.२३९ सांगते. म्हणजे अस्पृश्य आणि पाळीतली बाई एकाच ओळीत बसवलेले आहेत. २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये जो ग्रंथ जाळला गेला, त्यात हे दोन्ही अपमान एकत्र होते. आम्ही मात्र बऱ्याचदा एकच लक्षात ठेवतो.

'पाळी आली म्हणजे मुलगी लग्नाला तयार झाली' हा दुसरा गैरसमज. त्याने मुलींचे जीव घेतले आहेत. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी ही सुमारे ११ वर्षांची मुलगी नवऱ्याने केलेल्या संभोगामुळे रक्तस्राव होऊन मेली. त्यानंतर सरकारने संमतिवय १० वरून १२ करण्याचे विधेयक आणले. दोनच वर्षांची वाढ! तरीही सनातनी खवळले. पहिल्या ऋतुदर्शनानंतर लगेच गर्भाधान विधी झालाच पाहिजे, तो अडवणे म्हणजे धर्मात हस्तक्षेप, असा त्यांचा दावा होता. पुण्यात या विरोधाचे नेतृत्व लोकमान्य म्हणवल्या जाणाऱ्या टिळकांनी केले. कायदा १८९१ मध्ये झाला. मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ व्हायला १९२९ चा सारडा कायदा यावा लागला.

शरीरशास्त्र काय सांगते? पहिली पाळी ही वाढीतली एक पायरी आहे, शेवट नव्हे. त्यानंतरही मुलीची उंची वाढते, कमरेची हाडे रुंदावतात. सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत बीज दर महिन्याला बाहेर पडेलच असे नसते, म्हणून पाळी मागे-पुढे होते. त्या वयात २१ ते ४५ दिवसांचे अंतर सहसा चालते. पाळीचे रक्त 'घाण' किंवा 'साचलेले विष' नसते. गर्भाशयाचे आतले अस्तर गळून रक्ताबरोबर बाहेर येते, इतकेच. वयात येताना थोडे पांढरे जाणेही स्वाभाविक आहे. त्याला वास आला, खाज सुटली किंवा रंग बदलला, तर उपचार घ्यावेत.

मात्र 'हे बाईच्या जातीला असतेच' म्हणून सगळेच सोसणे हाही गैरसमजच आहे. १५ वर्षांपर्यंत पाळी आली नाही, तीन महिने चुकली, सात दिवसांपेक्षा जास्त राहिली, तास-दोन तासांनी पॅड बदलावे लागले किंवा दुखण्यामुळे शाळा बुडू लागली, तर डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे.

या अज्ञानाची किंमत कोण मोजते? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांना विचारा. २०१९ च्या सरकारी चौकशीत ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अंगावरून जाण्याची तक्रार, कॅन्सरची भीती आणि बुडालेल्या मजुरीचा दंड, या तिन्हींनी मिळून त्या शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोचल्या. शाळेच्या वयात ज्यांना आपल्या शरीराबद्दल कुणी काही सांगितले नाही, त्यांना फसवणे सोपे जाते.

काही जण म्हणतील, विटाळ तर गडचिरोलीच्या माडियांमध्येही पाळतात, तिथे कुर्माघर आहे, मग मनूला दोष का? पाळीची भीती जगातल्या अनेक समाजांत होती, हे खरे आहे. १९२० मध्ये बेला शिक या युरोपातल्या डॉक्टरनेही पाळीतल्या बाईच्या हाताने फुले कोमेजतात म्हणून त्यात 'विष' असल्याचा सिद्धांत मांडला होता. पुढे तो टिकला नाही. पण ब्राह्मणी धर्मशास्त्राने या भीतीला पाप केले, त्यावर प्रायश्चित्त लावले आणि ते जातीच्या उतरंडीत बसवले. ऋषिपंचमीच्या कथेत पाळीत भांड्यांना हात लावणारी बाई पुढच्या जन्मी कुत्री होते. भीती चुकीची ठरली की सोडता येते, पाप मात्र पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर बसते.

आता आपल्या घराकडे पाहू. देव्हारा गेला, पण विटाळ गेला का? आज अनेक बौद्ध घरांत पाळीतली मुलगी बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावत नाही, वंदनेला मागे बसते. हे कोणत्या धम्मात आहे? विनयपिटकातल्या भिक्खुनींच्या नियमांत पाळीचा उल्लेख येतो तो 'आवसथचीवर' या वस्त्राच्या संदर्भात. पाळीतल्या भिक्खुनींसाठी ठेवलेले हे सामाईक वस्त्र एकीने अडवून न ठेवता दुसरीला द्यावे, एवढाच तो नियम. एकीकडे पाप, दुसरीकडे कापडाची सोय! पुढे काही बौद्ध देशांतही विटाळ शिरला. तो तिथेही त्याज्यच आहे.

बाबासाहेबांनी स्त्रीच्या शरीराचा प्रश्न कधी लाजेचा मानला नाही. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात ते प्रसूती रजेच्या विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. १९३८ मध्ये त्यांच्या पक्षाने संततिनियमनाचा ठराव तिथेच मांडला. आणि २०१८ च्या शबरीमला निकालात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी पाळीमुळे होणाऱ्या बहिष्काराला संविधानाच्या कलम १७ खालची अस्पृश्यता म्हटले. तो वाद पुढे मोठ्या पीठाकडे गेला. आपल्या घरात कलम १७ लागू करायला मात्र कुठल्याही पीठाची वाट पाहावी लागत नाही.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. विहारात पाळीवर बोला, मुलग्यांनाही समोर बसवा. महिला डॉक्टरांना बोलवा. आणि पुढच्या पौर्णिमेला पाळी आलेल्या मुलीच्या हातून दीप लावा. महाडचे तळे ज्यांनी शिवाशिव मोडून खुले केले, त्यांच्या नातींना घरातला माठ बंद राहता कामा नये.

जय भीम!